पेट्रोल पंपावरची पंगत

भैय्यासाहेब टेंभ्यांकडे इलेक्ट्रिक गाडी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमजवळच्या पेट्रोल पंपावर जो कोणी पहिल्यांदा गाडी चार्ज करायला येतो, त्याची खात्रीच पटते की तिथला चार्जर या गृहस्थांच्या मालकीचा आहे. पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या मशीनपलीकडे, दोन गनचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या दोन नळ्यांचा, चार्जर उभा आहे. त्याच्या शेजारी घडीची खुर्ची टाकून, डोक्याला टोपी आणि पायाशी पाण्याचा थर्मास, असे भैय्यासाहेब रोज दुपारी चार ते सात बसलेले असतात. स्वतः येतात जुन्या स्कूटरवरून. ती पेट्रोल पिते, म्हणून पंपाच्या दुसऱ्या टोकाला, चार्जरच्या नजरेआड उभी करतात.

मी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये प्लग बसवायला साफ नकार दिला. एका सभासदांच्या मते असली गाडी प्लगला लावली की आपोआप पेटते, आणि ती पेटलेली त्यांच्या मेहुण्याने मोबाइलवर पाहिली होती. म्हणून मी पंपावर गेलो. गन हातात घेतली तोच मागून प्रश्न आला.

"कुठपर्यंत जायचंय?"

मागच्या काचेवरचं 'मोरया' वाचून त्यांनी मराठीतच विचारलं होतं. मी म्हटलं, "घरीच. इथे दोन मिनिटांवर."

"मग आपण घरचे. घरच्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं नसतं. बाजूला होऊन घ्या. हे झाशीचे पाहुणे आहेत, आधी यांचं पान."

दुसरी गन त्या दिवशी बंद होती. माझ्या हातातली गन त्यांनी काढून घेतली आणि माझ्यामागून आलेल्या, रीतसर दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या गाडीला लावली. मशीन घुरघुरायला लागलं. भैय्यासाहेबांनी गाडीसमोर हात जोडले आणि यजमानाच्या खड्या आवाजात म्हणाले, "सावकाश होऊ द्या!"

झाशीवाल्याला यातलं काही कळलं नाही. त्यानेही गाडीला नमस्कार केला.

टेंभ्यांचे पूर्वज दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आले. पणजोबा म्हणे दरबारात पंगतींवर देखरेखीला होते. पाचशे पानं बसायची आणि एक माणूस अर्धपोटी उठायचा नाही, हे भैय्यासाहेब अशा तपशिलाने सांगतात, की जणू त्यांनी स्वतः आमटी वाढली असावी. आडनावच टेंभे, मिरवणार नाहीत तर काय करतील? तरी मी एकदा विचारलं, की आपण पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलंत, तर बॅटरी आणि पंगत यांत काही फरक आहे की नाही?

"फिजिक्स कॉलेजात," ते म्हणाले. "इथे पाहुणचार."

या पाहुणचारापायी भांडणं होतात. गाडी ऐंशी टक्के भरली की चार्जर मंदावतो, म्हणून शहाणी माणसं तिथेच गन काढतात आणि मागच्याला जागा देतात. भैय्यासाहेब काढू देत नाहीत. "ऐंशीवर उठायचं? पानावरून? अजून ताक-भात व्हायचाय!" एका टॅक्सीवाल्याने चिडून "चाचा, सवारी बैठी है" म्हटलं, तर यांनी सवारीला उतरवून पाणी पाजलं, तिचं माहेर कुठलं ते विचारलं, आणि ती इथल्याच मुरारची निघाल्यावर तिच्या काकांशी आपली ओळखसुद्धा काढली. टॅक्सीवाला शंभर टक्के घेऊनच हलला.

नव्या मॉलच्या तळघरातही एक चार्जर आहे. भैय्यासाहेब एकदा मुद्दाम जाऊन पाहून आले आणि चेहरा पाडून परतले. "वर मंडळी कपडे घेऊन राहिलीत आणि तळघरात गाडी एकटी जेवून राहिलीय. जवळ एक माणूस नाही, की बाई, काय हवं-नको! ही काय रीत झाली?"

पंपाचे मॅनेजर शर्माजी त्यांना घाबरूनच असतात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाईसाहब, कंपनी का आदमी पूछ रहा था कि ये बुज़ुर्ग कौन हैं। मैं क्या बोलूँ?" भैय्यासाहेबांनी खुर्चीवरूनच उत्तर दिलं, "बोल देना, वाढपी।" शर्माजींनी ते नाव समजून वहीत लिहून घेतलं. चार्जर बंद पडला की कंपनीचा माणूस अजून 'वाढपीजी' म्हणून त्यांनाच फोन करतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला दिवाळीच्या सुमाराला कळलं. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, श्रीरंग, नोएडाला असतो. त्यानेही इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि पाडव्याला बायको-मुलीला घेऊन येणार होता. आग्र्याला एकदा चार्ज, ग्वाल्हेरला एकदा, असा त्याचा हिशेब. "फक्त पंपावरचा फास्ट चार्जर चालू आहे ना ते बघून ठेवा, बाबा. तो नसेल तर जमायचं नाही," असं तो म्हणाला होता. भैय्यासाहेबांनी हे मला चारदा सांगितलं, आणि चारही वेळा 'जमायचं नाही' हे शब्द भराभर उरकले.

पाडव्याच्या पाच दिवस आधी चार्जर बंद पडला. दोन्ही गन मेल्या, पडद्यावर लाल अक्षरं आली. मी संध्याकाळी गेलो तर भैय्यासाहेब कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून, स्पीकर चालू करून उभे.

"सर, गन निकालकर दोबारा लगाइए।"

"बेटा, सुबह से वही कर रहा हूँ। अब तो गन को भी शरम आने लगी है।"

"सर, आपकी समस्या हमारे लिए महत्त्वपूर्ण है।"

"समस्या को मारो गोली। पाहुणे येऊन राहिलेत रे! पाहुणे! मेहमान!"

लागणारा भाग दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर येणार होता. शहरातला दुसरा फास्ट चार्जर एका शोरूममध्ये, तो पाडव्याला बंद. मॉलचा तर गोगलगाय. चार दिवस भैय्यासाहेब त्या मेलेल्या मशीनशेजारी नेहमीप्रमाणे बसले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात जोडून "आज जिन्नस संपला, माफी असावी" असं हिंदीत सांगायचे आणि पाणी द्यायचे.

मी म्हटलं, "श्रीरंगला कळवूच नका. येऊ दे."

"आणि परत कसा जाईल?"

"राहील की एक दिवस."

मी सहज बोललो. ते थर्मासचं झाकण लावत राहिले. ते लागलेलंच होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून खरं ते सांगून टाकलं. वाटेत नातीला घेऊन अडकून पडला असता तर, म्हणाले. श्रीरंगचं येणं रद्द झालं.

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन माधवगंजात त्यांच्या घरी गेलो. पंपावरचा चार्जर बंद, त्यात बाजारात शिरून निघेपर्यंत माझ्या गाडीत जेमतेम चौदा टक्के उरले होते. दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर, पुढे गाडीपुरती फरशी. फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, सोळा अँपिअरचा दणकट प्लग बसवलेला होता. स्वतंत्र वायर, स्वतंत्र स्विच, वर पावसापासून पत्र्याचं छोटं छप्पर. प्लगवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

"भैय्यासाहेब!" मी ओरडलोच. "अहो, घरात प्लग असताना आपण पंपावर कसली तपश्चर्या करून राहिलात? श्रीरंगची गाडी यावर झाली असती की!"

"झाली असती," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच बसवून घेतला. त्याने गाडी बुक केली ना, त्याच आठवड्यात."

"मग त्याला माहीत नाही का?"

"माहीत आहे. फोटो पाठवला होता." ते डब्याचं झाकण उघडून चकल्या बघत राहिले. "यावर रात्रभर लागते, सुधीरराव. तो म्हणाला, बाबा, रात्रभर कोण थांबणार? फास्टवर तासात होते. जेवून लगेच निघता येतं."

मला श्रीरंगचा असा संताप आला, की तो समोर असता तर काहीबाही बोलून गेलो असतो. पण माझी आई शिवपुरीला एकटी असते. मीही तिच्याकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परततो आणि वर सांगतो की रस्ता आता किती छान झालाय. संताप गिळला.

"मुलगा वाईट नाहीये हां," भैय्यासाहेब घाईने म्हणाले. "फार काम असतं त्याला."

"चालतो का हा प्लग?" मी विचारलं.

"कुणी लावूनच बघितला नाही."

माझी केबल डिकीत होतीच. प्लास्टिक त्यांनी स्वतः काढलं, घडी करून खिशात ठेवलं. गाडीवर हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर वेळ आली: नऊ तास वीस मिनिटं. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली.

"फार होतात," ते म्हणाले. "आपल्याकडेही पाडवा असेल. आपण ऑटोने जा, गाडी उद्या घेऊन जा."

मी बायकोला फोन लावला. "मुलांना घेऊन माधवगंजला ये. ओवाळायचं तबक इकडेच आण."

"डोकं ठिकाणावर आहे ना? इथे माझा सगळा स्वयंपाक होऊन राहिलाय!"

"तोही आण. गाडी लावलीय, आज काही हलत नाही."

फोन ठेवेपर्यंत भैय्यासाहेब आत गेले होते. वाट्या मोजत होते आणि पाचावर येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. मग डोळ्यांना पंचा लावतच दारात आले. मुलं तिखट खातात का, एवढंच त्यांना ताबडतोब जाणून घ्यायचं होतं.