दक्षिण बुरुजावरील उन्हफुलांची हकीकत

श्री सूर्यनारायण समर्थ. ज्याचे तेजे फुले उमलतात आणि त्याच तेजे विहिरी आटतात, त्यास सावलीतून नमस्कार करोन सेवक हा मजकूर लिहितो. शके सतराशे पाच, शोभन नाम संवत्सर. नाव शोभन, परंतु शोभेजोगे त्या साली काही जाहले नाही. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला, आणि राज्यातील तळे आटोन त्यात गुरे बसू लागली. राज्याचे नाव लिहीत नाही. लहान राज्य, एक गड, एक पेठ, आणि पेठेस पाणी देणारी एकच विहीर, तिचाही तळ दिसू लागला. धनी श्रीमंत महिपतराव. स्वभावे मायाळू, परंतु ऊन सोसत नसे, म्हणोन दुपारी भोजनोत्तर निद्रा करीत ते दिवेलागणीस उठत आणि मग दरबार भरे. राज्यात दुपार होते ही गोष्ट धनीसाहेबांस ऐकोनच ठाऊक होती.

त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब. त्यांस फुलांची बहुत आवड, आणि धनीसाहेबांची गुलाबाची बाग तर पाण्यावाचून जळोन गेली, तेव्हा बाईसाहेब कष्टी जाहल्या. इतक्यात दर्यापारचा एक टोपीकर सौदागर गडावर आला, त्याचे कुटुंबाने बाईसाहेबांस मूठभर बी दिले. बी कापसासारखे लवदार. ती बोलली की हे फूल आमचे मुलखी वाळूत येते, शेवंतीचे धाकटे भावंड म्हणावे ऐसे दिसते, यास ऊन पोटभर द्यावे आणि पाणी घोटभर द्यावे, आणि सावली पडली अथवा दिवस कलला की हे पाकळ्या मिटोन घेते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. मग बाईसाहेबांनी पेठेतील भिवाई कुंभारणीकडोन फुटकी मडकी आणविली आणि वाळू, मुरूम, थोडे जुने शेणखत ऐसे कालवोन भरले आणि दक्षिण बुरुजावर, जेथे दिवसभर ऊन आणि पाय ठेवू म्हटले तर चटका, तेथे ती मांडिली. दोन महिन्यांत रोपे तरारली. पाने वरोन हिरवी, खालोन रुपेरी, आणि फुले केशरी, पिवळी, मध्ये काळे कडे. बाईसाहेब रोज भर दुपारी एकट्या जात आणि वाळले फूल खुडोन टाकीत म्हणजे नवे येई, आणि रोपास घोटभर पाणी आपल्या पिण्याच्या तांब्यातील घालीत. बाईसाहेबांचे मागणे एकच होते, की धनीसाहेबांनी एकदा येऊन ही फुले उमललेली पाहावी. लग्न होऊन वीस वर्षे जाहली, एवढ्या काळात त्यांनी दुसरे काही मागितल्याचे सेवकास स्मरत नाही.

धनीसाहेब आले. परंतु आले ते दिवेलागणीस, सर्व दरबार घेऊन. फुले मिटलेली. धनीसाहेब बोलिले, "बाईसाहेब, ही तर माना टाकोन बसली." बाईसाहेब बोलिल्या, "दुपारी एकदा इकडून येणे व्हावे. दुपारी उमलतात." धनीसाहेब हसले आणि कारभारी शिवरामपंत यांजकडे पाहिले. पंतांनी आयुष्यात तुळशीस देखील पाणी घातले नव्हते, परंतु विचारल्यास उत्तर देणे हा त्यांचा धंदा. ते बोलिले, "सरकार, रोपे तहानलेली आहेत. पाणी वाढवावे." मग आज्ञा जाहली की पेठेच्या विहिरीतून रोज चार घागरी बुरुजावर चढवाव्या. बाईसाहेब "नको, नको" म्हणत होत्या, तो त्यांचा विनय ऐसे सर्वांनी मानिले. दुसरे दिवशी धनीसाहेब पुन्हा सायंकाळी आले, फुले पुन्हा मिटलेली, आणि चाराच्या आठ घागरी जाहल्या. मग दरबारी मंडळींस स्फुरण चढले. जो तो आपल्या घरचे तांब्याभर पाणी आणोन धनीसाहेबांच्या देखत कुंडीत ओती आणि मागे सरोन मुजरा करी. सेवकाने ओतले नाही. निष्ठा कमी होती ऐसे नव्हे, सेवकास तहान लागली होती.

पुढे व्हायचे ते जाहले. मुळे कुजली, रुपेरी पाने काळी पडली आणि एक एक रोप मरत गेले. बाईसाहेब कुजके रोप उपटीत. एकदा उपटता उपटता बोलिल्या, "मेली ती मेली. परंतु पेठेतली माणसे पाण्यावाचून आहेत आणि माझ्या नावाने ते पाणी येथे कुजते आहे, हे मला सोसवत नाही." हे पंतांच्या कानी घातले, तर पंत म्हणाले, "बाईसाहेबांचे मन मोठे." आणि घागरी चालूच राहिल्या. शेवटी एकच रोप उरले. ते बाईसाहेबांनी स्वतां उचलोन जुन्या तोफेच्या आड, कठड्याच्या टोकास नेऊन ठेविले, कारण तेथे खाली पाहता भोवळ येते आणि दरबारी मंडळी तेथवर जात नसत.

मग चैत्रात एके दिवशी भर दुपारी पेठेतील बाया रिकाम्या घागरी घेऊन दक्षिण बुरुजाखाली जमल्या आणि घागरी दगडावर वाजवू लागल्या. असा गलबला झाला की धनीसाहेब जागे जाहले, आणि कोणी अडवायच्या आत डोळे चोळीत, पागोट्यावाचून बुरुजावर आले. खालोन भिवाई ओरडली, "सरकार, फुलांचं पिऊन झालं आसंल तर आता आमच्या लेकरास्नी बी घोटभर द्या!" धनीसाहेबांनी वाकोन खाली पाहिले, तो भोवळ आली. आधारास तोफेवर हात ठेविला, तो असा भाजला की हात झटकोन ते बाजूस सरले, आणि तोफेच्या आड पाहतात तो केशरी फूल, टळटळीत उन्हात सताड उघडे. शेजारी बाईसाहेब वाळले फूल खुडीत बसलेल्या.

धनीसाहेब बोलिले, "हे केव्हा उमलले?"

बाईसाहेब बोलिल्या, "रोज उमलते."

"रोज?"

"रोज. सगळीच उमलत होती. इकडून निजणे असे."

धनीसाहेब कठड्याशी गेले. मग वाकोन खाली ओरडले की आजपासोन बुरुजावर थेंब चढणार नाही, विहीर तुमची, आणि गडाचे पाणीही निम्मे पेठेस. बाया घागरी घेऊन गेल्या. जयजयकार कोणी केला नाही, घसे कोरडे होते.

दुसरे दिवशी धनीसाहेब भर दुपारी बुरुजावर फूल पाहण्यास गेले. ही वार्ता फुटताच पंत आणि अवघा दरबार छत्र्या, अबदागिऱ्या घेऊन धावला आणि धनीसाहेबांवर सावली धरिली. सावली फुलावरही पडली आणि फूल मिटू लागले. तेव्हा धनीसाहेब जन्मात प्रथम रागावले आणि सर्वांस खाली घालविले, आणि एकटे उन्हात बसले. कपाळावरोन घाम गळत होता. हळूहळू पाकळ्या पुन्हा उघडल्या. मग बुरुजाच्या पायरीशी बाईसाहेबांची दासी होती, तीस त्यांनी सांगितले की बाईसाहेबांस बोलाव, म्हणावे मी येथे बसलो आहे, फूल उमलले आहे.

दासी जाऊन परत आली. बोलली, "बाईसाहेबांना झोप लागलीया. लई दिसांनी लागली. मी काही उठवायची नाही."

धनीसाहेब बोलिले, "निजू दे." आणि एक वाळले फूल होते ते चाचपडत खुडिले, आणि बसोन राहिले.

एवढेच वर्तमान. पाऊस पुढे आला तो आपल्या वेळेने, त्यास कोणी हुकूम केला नव्हता. फुलास थोडे पाणी आणि पुष्कळ ऊन लागते, हे सांगितले होते, ऐकिले कोणी नाही. बाईसाहेब त्या दिवशी दिवेलागणीस उठल्या, तेव्हा फूल मिटलेले होते.