शकूकाकू आणि टॉवेलचा हत्ती

शकूकाकूंच्या समोर चॉकलेट खाल्लं, की कागद त्यांच्या हातात द्यावा लागतो. खिशात घालायला गेलं, तर त्या हात पुढं करून उभ्याच राहतात. "टाकू नका, ह्याचं कायतरी व्हतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि होतं, हे माझं दुर्दैव. माझ्या घरी त्यांनी दिलेली आईस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी आहे, पिस्त्याच्या टरफलांचा मोर आहे, आणि तो मोर पुसण्यात माझा रविवार जातो.

औरंगपुऱ्यात आमची दारं समोरासमोर. काकू मूळच्या वैजापूरच्या. गल्लीत कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं, की रुखवत काकूंकडं. लोकरीच्या तोरणापासून साखरेच्या देवळापर्यंत, मांडवात मांडून मग नवरीबरोबर सासरी धाडायची ती सगळी हौस ह्या एकट्या करतात. यंदा त्यांच्याच वैशालीचं लग्न ठरलं, दुसरं. तर ती म्हणाली, "आई, ह्या वेळी रुखवत नको."

काकूंना वाटलं, पोरीला आपल्या कामाची लाज वाटायला लागली. त्यांनी अबोला धरला. शेवटी वैशालीनंच मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. दोघीच गेल्या तर तशाच गप्प परत येतील, म्हणून मला मध्ये घातलं. मी गेले. फुकटचा समुद्र कोण सोडतंय?

बेटावर सगळे पाण्यात उतरले. काकू मात्र काथ्या वळणाऱ्या एका बाईशेजारी फतकल मारून बसल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी दोघींचं बोलणं काही थांबेना.

"काकू, समुद्र बघा की जरा," मी म्हटलं.

"समुद्र कुठं जातोय, मंगल? ही बाई उठून गेली म्हंजे?"

खरा घोळ झाला तो बोटीवरच्या खोलीत. खोली आवरणारा माणूस रोज टॉवेलांच्या घड्या घालून एकेक प्राणी पलंगावर ठेवायचा. आधी हंस आला, मग माकड, मग हत्ती. काकूंनी एकालाही हात लावू दिला नाही. "दुसऱ्याच्या हातचं मोडायचं नाय." स्वतः त्या जुन्या लुगड्याला अंग पुसायच्या आणि आमच्या हातातही त्याचाच तुकडा द्यायच्या. शेवटी तो माणूस बिचारा घाबरून विचारायला आला, टॉवेल साफ नहीं हैं क्या?

"भैया, तुमने इतना जीव लगाके किया, मैं कैसा मोडूं?"

"मांजी, खोलने के लिए ही तो बनाता हूँ."

काकूंना ते काही पटलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी ओल्या केसांनी वैतागून म्हटलं, "काकू, जन्मात कधी काही उसवलंच नाही का तुम्ही?"

वैशाली खिडकीशी बसली होती. तीच म्हणाली, "उसवलंय. माझं."

पहिलं लग्न मोडलं तेव्हा तिच्याबरोबर रुखवतही टेम्पोतून परत आलं, एवढं मला माहीत होतं. पुढचं ती आता सांगत होती. आईनं दार लावून सगळं एकटीनं उसवलं. मणी वेगळे, लोकर वेगळी.

"मी तिथंच झोपेचं सोंग घेऊन पडले होते. पुन्हा तुला ते करायला लागू नये, म्हणून नको म्हणते, आई. लाज कसली वाटायची?"

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पण परत घातला नाही.

"येडी का तू? रुखवत आलं त्याचं मला काय व्हतं? समदे म्हणायचे, नांदू द्या तिला तिथंच. मी रोज दाराकडं बघायची, तू येतीस का नाय म्हणून. तू आलीस. लई बरं वाटलं मला. आणखी धा बारी उसवीन मी, तू घरी आल्याशी मतलब."

वैशालीनं हत्ती उचलून आईच्या मांडीवर ठेवला. "सोडून बघ, कसा केलाय ते. मांडवात आपल्याला दोन लागतील."

काकूंनी सोंडेची घडी हळूच सैल केली आणि थांबल्या.

"मंगल, तू ध्यान दे गं घडीकडं," त्या म्हणाल्या. "मला काय नीट दिसंना."