हातोहात गेलेली नात

“दोन तास? अगं, दोन दिवस ठेव! तीन पोरं वाढवलीत मी!” टपालमास्तरांनी मुलीला दारातूनच पिटाळलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण मास्तरांचा रुबाब अजून काउंटरवरचाच! मुलगी पासपोर्टच्या कामाला गेली आणि पाच महिन्यांची नात आजोबांच्या ताब्यात आली.

दहाव्या मिनिटाला नातीने भोकाड पसरलं. असं, की कपाटातल्या कपबश्या थरथरल्या! मास्तरांनी खुळखुळा वाजवला, घोडा झाले, शेवटी तिला वारा लागावा म्हणून खिडकी उघडली.

तिथेच चुकलं.

त्या गल्लीत गेल्या कित्येक वर्षांत तान्ह्या बाळाचं रडणं कुणी ऐकलंच नव्हतं. कोपऱ्यावरचे बालरोगतज्ज्ञ आता गुडघे तपासत. शाळेच्या मैदानात वॉकर घेऊन म्हातारे फेऱ्या मारत. इमारतीत सगळ्यांत लहान म्हणजे तळमजल्यावरचा ‘छोटू’, वय वर्षं एकोणसाठ! सिलिंडर अजून त्यालाच उचलायला लावत.

रडणं खाली पोचलं आणि गल्ली एकदम गप्प झाली. इस्त्रीवाल्याचा हात हवेतच थांबला. माणसं माना वर करून उभी राहिली. मग एकेक जण, न बोलता, इमारतीत शिरू लागला.

जिन्यावर पावलं वाजू लागली. संथ. मध्येच काठ्यांची टकटक. मास्तरांनी दार उघडलं तर चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या दारापासून खालपर्यंत पायरीपायरीवर माणूस! नुसते हात पुढे.

“काय हवंय?” मास्तरांनी नातीला खांद्याशी ओढून घेतलं.

“जरा घेऊ द्या हो,” शेजारच्या मावशी कुजबुजल्या. “एकदाच.”

मास्तरांनी दिली. मावशींनी तिची टाळू हुंगली, डोळे मिटले आणि तिला मागच्याच्या हातात दिलं. त्याने त्याच्या मागच्याला. जिन्याच्या वळणावर गुलाबी टोपडं दिसलं, मग दिसेनासं झालं. रडणंही थांबलं.

“अहो, परत आणा तिला!”

कुणी जागचं हलेना. मास्तर वाट काढत खाली धावले.

“कुठंय माझी नात?”

“पुढे दिली.”

“कुणाला?”

“पुढे.”

ज्यांनी तिला घेतलं होतं ते सगळे पायऱ्यांवर बसले होते. हात तसेच वाकवलेले, नजर त्या रिकाम्या हातांवर. छोटू तर हुंदके देत होता. मास्तरांना दरदरून घाम फुटला. पाकिटाला निदान पत्ता तरी असतो हो!

तळमजल्यावर नाही. फाटकाशी नाही. रांग मात्र रस्त्याने पार वळणापलीकडे गेलेली. मुलीला काय सांगणार? मास्तर रांगेच्या कडेकडेने धावत सुटले.

वळणावरच्या बंद पडलेल्या प्रसूतिगृहाच्या पायरीवर म्हातारी सुईण बसली होती. अकरा वर्षांत तिच्या हाती बाळ आलं नव्हतं. नात तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. सुईणीने ओठांवर बोट ठेवलं. मास्तर तिच्याशेजारी मटकन बसले आणि ढसाढसा रडले.

तेवढ्यात टॅक्सीतून मुलगी उतरली.

“बाबा! ही रस्त्यावर? आणि ही एवढी माणसं कोण?”

“शेजारी,” मास्तर नाक पुसत म्हणाले. “झोपवायला आलेत.”

मुलीने लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि ती टॅक्सीकडे वळली. रांग हलली नाही. दोनशे माणसं तिच्याकडे टक लावून बघत होती. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

शेवटी सुईणीच्या पलीकडे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी काठी वर केली.

“ए पोरी, मध्येच कुठे नेतेस? आमचा नंबर यायचाय!”