भामा माणसं बघायची

आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र काय केलं, तर शेवग्याच्या शेंगा चावल्या. सुका जवळा घालून केलेल्या. मी चोथा ताटाच्या कडेला लावत होतो आणि भामा, म्हणजे माझी बायको, स्वतःचा घास हातात धरून माझ्या जबड्याकडे बघत बसली होती.

"काय बघतेस?"

"चावताना तुमचा डावा कान हलतो."

"लग्नापासून हलतोय."

"आज जास्त हलतोय. शेंग जून निघाली."

त्या रात्री ती झोपली ती उठलीच नाही. तिचा एक फोटो नाही माझ्याकडे, म्हणून ही लिहायची खटपट. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा चुकलं तर चुकलं.

भामा माणसांकडे बघायची. तसे सगळेच बघतात, पण ही बघायची ती मांजर कोळणीच्या पाटीकडे बघतं तशी. लालबागच्या आमच्या चाळीत नवी सून आली की सासू तिला आधीच सांगून ठेवायची, "कोपऱ्यातली वैनी टक लावून बघेल, घाबरू नको. करणीबिरणी करत नाही, चित्रं काढते."

शिकली कुठे म्हणाल तर कुठेच नाही. करवंटी जाळून काळा रंग, बाकी गेरू, हळद आणि कपड्याची नीळ. बाभळीची काडी चावून चावून तिचा कुंचला करायची. गिरणीत ताग्यांना गुंडाळायचा जाड कागद उरला की फेकून देत, तो मी घरी आणायचो. एकदा सगळी नीळ कुणाच्या तरी लुगड्यात गेली, म्हणजे चित्रातल्या, आणि माझे सदरे पिवळे पडले. बोललो तर म्हणते, "माणूस तोंडावरून ओळखतात, सदऱ्यावरून नाही."

समोर बसलेल्याचं चित्र मात्र तिनं कधी काढलं नाही. कोणी मेलं की घरचे आमच्या दारात यायचे. फोटो काढून ठेवायची ऐपत कुणाची होती? भामा डोळे मिटून बसायची, मग काडी उचलायची. माणूस कागदावर हजर. मी एकदा म्हटलं, "माझं काढ की."

"तुम्ही आहात की," म्हणाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीत गोळीबार झाला, त्यात खालच्या मजल्यावरच्या गोदाकाकीचा शांताराम गेला. मिरवणुकीत त्याची तसबीर न्यायची ठरली. आमच्याच चाळीतला सावंत समितीचं काम करायचा, तो भामाला सांगून गेला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर शांताराम खांद्यावर पंचा टाकून हसतोय आणि ओठांना राखुंडी लागलीय.

"वैनी, हुतात्मा आहे तो. मूठ वळलेली दाखवा. छाती पुढे काढा."

"मूठ वळलेली मी बघितली नाही. दात घासताना रोज बघितलाय."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"दात घासत होता म्हणतील."

सावंत डोक्याला हात लावून बसला. राखुंडी तरी पुसा म्हणाला. तेवढ्यात गोदाकाकी वर आली. तिनं कागद बघितला आणि पदरानं त्या ओठांवरची राखुंडी पुसायला गेली. शांताराम तसाच गेला मिरवणुकीत, राखुंडीसकट.

हे वेड तिला कधी लागलं ते मला ठाऊक आहे. आमची एक मुलगी होती, तारा. नुकती बोलायला लागली होती आणि तापात गेली. पुढे एक दिवस गिरणीतून आलो तर भामा चुलीतल्या कोळशानं फरशीवर तिचं तोंड काढत बसलेली. केस आले होते, कपाळ आलं होतं. म्हणाली, "अहो, हनुवटी कशी होती हो तिची?" मला सांगता येईना. दोघं त्या फरशीजवळ बसून राहिलो. त्यानंतर ती माणसांकडे तशी बघायला लागली.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, गिरणगावात कंदील लागले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

सकाळी चाळ गोळा झाली. खाली बांबू आले. गोदाकाकी मला हळूच म्हणाली, "भाऊ, वैनीचं काही काढून ठेवलंय का कुणी?"

कोण काढणार?

मी काजळी कालवली आणि तिच्या उशाशी कागद घेऊन बसलो. आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, काडी कधी धरली नव्हती. नाक भोपळ्यासारखं झालं. एक डोळा वर गेला. खोडायला गेलो तर कपाळ काळं झालं. सावंत दारातून म्हणाला, "भाऊ, वेळ होतोय."

"होऊ दे," म्हटलं.

पुन्हा वाकून तिच्याकडे बघितलं. हनुवटीवर बारीक खळी होती, ती जमेल तशी काढली. मग नाकातली चमकी. नुसता टिपका तो, पण बरोबर जागेवर बसला.

कागद गोदाकाकीकडे दिला. तिनं तो उजेडाकडे धरला. "चमकी तिचीच आहे," म्हणाली.

मग मी म्हटलं, उचला.