ठकूचा पहिला नंबर

एका जंगलात, बाळांनो, गोष्ट सांगायची तर आधी तिचं तात्पर्य मंजूर करून घ्यावं लागे. होय, मंजूर! तोंड मिटा, माशी जाईल.

तिथली साळिंदरआजी मात्र बिनमंजुरीची एक गोष्ट सांगायची. लाल डोळ्यांचा राक्षस येतो. सशांची राजकन्या त्याच्या नाकावर सणसणीत लाथ हाणते आणि धूम बिळात पळते. पिल्लं किंचाळायची, खिदळायची आणि 'पुन्हा सांग' म्हणायची.

हे संस्कार समितीच्या माळढोक सरांच्या कानावर गेलं. माळढोक हा भला मोठा पक्षी. या सरांची मान एवढी ताठ, की पायाखालचं काही दिसायचं नाही.

"आजी, याचं तात्पर्य काय?"

"कसलं डोंबलाचं तात्पर्य! पोरांना मजा येते."

"मजा? लाथ मारणं असभ्य. पळणं भित्रेपणाचं. हे शिकवता तुम्ही?"

सरांनी स्वतः गोष्ट सुधारली. आता राजकन्या हात जोडून 'काका, हिंसा वाईट' म्हणायची आणि राक्षस ढसाढसा रडून गाजर खायला लागायचा. पिल्लं जांभया द्यायची. समिती धन्य झाली.

ठकू नावाच्या सशाच्या पोरीने ही गोष्ट तोंडपाठ केली. कथाकथनात तिचा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून लांडगेसाहेब आले होते.

"अशीच पिढी घडायला हवी," ते म्हणाले आणि ओठांवरून जीभ फिरवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गाढवं तर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

घरी परतताना पायवाटेवर लांडगेसाहेब आडवे आले.

"ठकू, पळ!" मागून आई ओरडली. बीळ एका उडीवर होतं.

पण ठकू गुणी पोर. ती थांबली. तिने हात जोडले. "काका, हिंसा वाईट."

लांडगेसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळेही पुसले. मग तिला खाल्लं.

शोकसभेत आईने हंबरडा फोडला. "माझ्या पोरीला पळता येत होतं हो! तुम्ही तिला थांबायला शिकवलंत!"

माळढोक सर हळहळले. "गोष्टीत काही दोष नव्हता, ताई. पोरीचे हावभाव कमी पडले."

त्यांनी तिथल्या तिथे हावभावांचं शिबिर जाहीर केलं. उद्घाटनाला यायचं लांडगेसाहेबांनी आनंदाने कबूल केलं.

तात्पर्य: गोष्टीला तात्पर्य हवंच. ससा उरला नाही तरी चालतं.