बायकोची परीक्षा आणि प्लास्टिकचा हात

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला जगात कशाचीच भीती वाटत नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणूनच बायको रडवेली होऊन म्हणाली, "अहो, परीक्षक समोर आले की माझा हात थरथरतो," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "अगं, मी आहे ना!"

इथेच माशी शिंकली!

मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली, घर खायला उठलं, तेव्हा बायकोनं आमच्याच कॉलेजात रक्त काढायच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणत आणि सुई टोचून घ्यायला तिच्यापुढेच रांग लावत. हात कापसासारखा हलका! पण कुणी टक लावून बघितलं की तोच हात शिलाई मशीन व्हायचा. त्यापायी ती एकदा नापास झाली होती. आता पुन्हा तसंच झालं तर शिकणंच सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

परीक्षा होती प्लास्टिकच्या हातावर. हा हात आमच्या प्लास्टिक तंत्रज्ञान विभागातल्या सरांनी बनवलेला. आत शिरांच्या जागी नळ्या, नळ्यांत लाल पाणी आणि ते पुरवायला वर टांगलेली बाटली. परीक्षेआधी मी तपासणी केली. सुई टोचली की पाणी कसंबसं, रडतखडत यायचं.

"बाटली वर टांगा!" मी म्हणालो. "उंची वाढली की दाब वाढतो. पहिल्याच टोचणीत धार लागली की हिला धीर येईल."

"सर, कोपरातला जोड एवढा दाब सोसणार नाही," प्लास्टिकवाले सर म्हणाले.

"तुम्ही प्लास्टिक सांभाळा, दाब माझ्यावर सोडा!"

आणि मी स्टुलावर चढून बाटली थेट छताच्या हुकाला लटकवली.

परीक्षक बाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढराशुभ्र कोट. बायकोनं प्लास्टिकच्या दंडाला पट्टा बांधला, थरथरत सुई टोचली आणि फटाक्! कोपर एकीकडे, मनगट दुसरीकडे, आणि मधून लाल कारंजं सरळ बाईंच्या कोटावर! दारातून कुणी डोकावलं असतं तर पोलिसांनाच फोन केला असता!

"बाटली वर कुणी टांगली?" बाईंनी चष्मा पुसत विचारलं.

प्लास्टिकवाल्या सरांनी माझ्याकडे बोट केलं. बायकोनंसुद्धा!

"आता खरा हात लागेल. कोण देतंय?"

"मी!" मी बाही सरसावली.

"अहो, साधं बोट कापलं तरी तुम्ही..." बायको कुजबुजली.

"ते घरी! बांध पट्टा!"

तिनं पट्टा बांधला. बाई वाकून बघायला लागल्या, तसा तिचा हात पुन्हा लटपटला. तिनं सुईचं टोपण काढलं. मी सुईकडे बघितलं. नुसतं बघितलं हो! पुढे एवढंच आठवतं की फरशी मला भेटायला वर आली.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय खुर्चीवर होते, आणि बायकोच्या हातात रक्तानं भरलेली नळी!

"झालंसुद्धा? वा! मला कळलंही नाही. काय हलका हात आहे तुझा!"

"तुमचं नाहीये ते," बायको हळूच म्हणाली.

शेजारी प्लास्टिकवाले सर दंडावर कापूस दाबून बसले होते. "तुम्ही कोसळलात," ते म्हणाले. "बाई तुमची नाडी बघायला बसल्या, पोरी तुम्हाला वारा घालायला लागल्या. वहिनींनी तुमचे पाय वर ठेवले आणि मला म्हणाल्या, बसा, बाही वर करा. त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसतच नव्हती! हात जरासुद्धा हलला नाही."

"मी बघत होते," माझं मनगट सोडत बाई म्हणाल्या. "डोळ्यांच्या कोपऱ्यातून. पास! पेशंट पडल्यावर काय करायचं, त्याचेही मार्क दिलेत."

पोरींनी एकच गिल्ला केला. "मावशी, सर सोबत आले म्हणून जमलं ना?"

बायकोनं मला उठवून बसवलं, कपाळावरचा घाम पुसला आणि ती इतकं गोड हसली की मला पुन्हा चक्कर येते की काय असं वाटलं!

"तर काय!" ती म्हणाली. "लोकांचे नवरे बायकोच्या शिक्षणाला आडवे येतात. आमचे हे नुसतेच आडवे झाले!"