बर्फातलं रडणं

रडण्याचे प्रकार तीन. ताजं, बर्फातलं आणि शिळं. ही वर्गवारी कुठल्याही नाट्यशास्त्रात सापडायची नाही. ती मथुरामावशींची आहे, आणि मथुरामावशी करंजाहून पनवेलला मासळी विकायला येत.

दर रविवारी सकाळी आमच्या दारात पाटी उतरवायची, पदर खोचायचा, विळी मांडायची आणि सुरमईच्या तुकड्या पाडता पाडता समोरच्या टीव्हीवरच्या नामांकित अभिनेत्रींची खांडोळी करायची, हा त्यांचा क्रम. आमच्या बिल्डरने हॉल असा काढलाय की दार उघडलं की टीव्ही थेट जिन्यावरून दिसतो. त्यामुळे मावशींना सिनेमासाठी कधी तिकीट काढावं लागलं नाही.

सिनेमाचे मोठे पुरस्कार त्या काळात रविवारी सकाळी पुन्हा दाखवत. एकदा त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ट्रॉफी छातीशी धरून हुंदके देत होती. आमची ही सोफ्यावर बसून तिच्याबरोबर डोळे पुसत होती. मावशींनी मान वर केली, एक क्षण बघितलं आणि पुन्हा सुरमईकडे वळल्या.

"डोले बग तिचे. चार दिस बर्फात होते."

"अहो मावशी, खरंच रडतेय ती," ही म्हणाली.

"रडतंय तर नाक कसा कोरडा? रडताना आदी नाक वाहतो गो बाय, मंग डोले. हिचा सगला वरच्या मजल्यावर चाललाय."

तेव्हापासून मला एकाही नटीचं रडणं सुखाने बघता आलेलं नाही. मी नाकच बघत बसतो.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय माझा मूर्खपणा नीट कळणार नाही. मी बेलापूरच्या एका कचेरीत नोकरी करत असे आणि उरलेला वेळ आमच्या रसिक मंडळाचा सेक्रेटरी असे. मंडळात आम्ही पाच जण होतो. पाचही जण चष्मा लावणारे, पाचही जणांना लोकप्रिय सिनेमाचा तिटकारा. मोठे पुरस्कार म्हणजे ओळखीपाळखीचा बाजार, खऱ्या अभिनयाकडे तिथे कुणी बघत नाही, असं आमचं ठाम मत होतं. म्हणून आम्ही आमचा स्वतःचा 'दुर्लक्षित अभिनय पुरस्कार' सुरू केला. एक पितळी समई आणि एक मानपत्र. दरवर्षी आम्ही मुंबईच्या एका दुर्लक्षित नटाला पत्र पाठवायचो आणि तो नट आमच्याकडे दुर्लक्ष करायचा. अशा सहा समया वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या माळ्यावर पडल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत ही प्रत्येक समई खाली काढून माझ्याकडे बघायची आणि परत वर ठेवायची.

अशा माणसाला मथुरामावशी अभिनय शिकवत होत्या आणि तो त्यांना हसत होता.

त्यांचं म्हणणं असं, की अभिनय शिकायचा तर करंजाच्या बंदरावर लिलावाला उभं राहावं. होडी लागली, मासळीचे ढीग पडले, की घेणाऱ्या बायका भोवती गोळा होतात. जो ढीग हवा असेल त्याच्याकडे बघायचंच नाही. नको असलेल्या ढिगाकडे बघून जीभ बाहेर काढायची, भाव पाडून मागायचा, आणि मन सगळं मागच्या ढिगावर.

"डोला जरा जरी तिकडं वलला तरी गेला," मावशी सांगत. "बोली चढलीच समज. ॲक्टिंग म्हंजे दाखवायचा नाय रे दादा. लपवायचा. तुमचे ते मुंबैवाले सगला दाखवतात."

मी हे वाक्य मंडळाच्या बैठकीत माझं म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी वहीत लिहून घेतलं.

मावशींचं एक कोडं मला कधी सुटलं नव्हतं. करंजाहून उरणचा बाजार जवळ. तिथे बसायचं सोडून ही बाई डोक्यावर पाटी घेऊन एसटीने पनवेलला का येते? वाटेत न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांची रांग लागली की बस तासतासभर हलत नाही. एकदा मी विचारलंही.

"उरनात गर्दी लय," त्या म्हणाल्या आणि कोलंबी सोलायला घेतली.

पनवेलच्या बाजारात काय शुकशुकाट असतो की काय? पण मावशींना पुढे विचारायची सोय नव्हती. नको असलेल्या प्रश्नावर त्या मासळी इतक्या जोरात आपटत की खवले थेट चष्म्यावर येत.

आणि मग त्यांचं ते खूळ. मावशींच्या मते, गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्या जावेवर झाला होता. जावेचं नाव यमुना. धाकट्या दिराची बायको. करंजाला एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं, त्यात गावातल्या दहा-बारा बायकांना धक्क्यावर उभं केलं होतं. नायिका कोळीण. तिचा नवरा समुद्रात गेलेला, होडी परत येत नाही, आणि ती आकांत करते. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण त्या आकांताला मी थिएटरात उभा राहून टाळ्या वाजवल्या आहेत. नायिकेला त्या वर्षीचे सगळे पुरस्कार मिळाले.

"तिला?" मावशींचा आवाज चढायचा. "तिच्या डोक्यावरची पाटी रिकामी होती! मान बग तिची. भरल्या पाटीची मान अशी डुलतंय का? तोंडाला काला रंग फासला म्हंजे कोलीन झाली? बक्षीस आमच्या यमूला पायजे होता."

दरवर्षी पुरस्कार लागले की त्या पहिला प्रश्न विचारत, "या वर्सी तरी दिला का यमूला?"

"मावशी, तो सिनेमा जुना झाला. एकदा वर्ष गेलं की गेलं."

"का? मासली हाय का ती, शिली व्हायला?"

मी सुरमईचे पैसे मोजून दिले.

एका रविवारी त्यांनी पाटीतून, बोंबलांच्या खालून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी काढली. आमच्या हिने ती दोन बोटांत धरून लावली. नायिका धक्क्यावर कोसळते, छाती पिटते, लाटेला शिव्या देते. आणि तिच्या खांद्यामागे, पडद्याच्या कडेला, एक सावळी, किडकिडीत बाई उभी. काही करत नाही. पाण्याकडे बघते. मग पदराने नाक पुसते. संपलं. आतून पाणी आणायला गेलात तर चुकेल एवढं ते दृश्य.

"बगलंस?" मावशींनी विळीवरून हात उचलला होता. "नाक आदी."

"मावशी, ती नुसती उभी आहे हो. याला अभिनय नाही म्हणत."

"तुमच्या मंडलात देता ना बक्षीस? कोन बगत नाय त्यांना? मंग हिला द्या. माईकवर नाव पुकारा. मी येते टाल्या वाजवायला."

मी बैठकीत हा विषय गंमत म्हणून काढला. पाचही जण मनापासून हसले. अध्यक्ष म्हणाले, श्रेयनामावलीत नाव नसलेल्या व्यक्तीचा विचार करणं आमच्या नियमात बसत नाही. मुंबईचे पुरस्कारवाले आंधळे आहेत असं छातीठोकपणे सांगणारे आम्ही पाच जण, आणि त्या दिवशी आमच्यातल्या एकानेही ती सीडी बघायला मागितली नाही. वर मी पुढच्या रविवारी हे सगळं, हशासकट, मावशींना रंगवून सांगितलं.

मावशींनी अर्धी राहिलेली सुरमई कापून दिली, पाटी उचलली आणि गेल्या. मग दोन रविवार आल्याच नाहीत.

तिसऱ्या रविवारी आल्या. विळी मांडली नाही. उंबऱ्यावर टेकल्या आणि टीव्ही बंद कर म्हणाल्या.

"तू बोल्लास, ती ॲक्टिंग नाय. बरोबर बोल्लास. त्यात ती खरीच रडली."

यमुनेचा नवरा, मावशींचा दीर, खरोखरच समुद्रात गेला होता. शूटिंगच्या बारा वर्षं आधी. होडीची फळी मिळाली, माणूस मिळाला नाही. सगळा कोळीवाडा रडला, यमुना रडली नाही. चौथ्या दिवशी हातात हिरव्या बांगड्या तशाच ठेवून ती पाटी घेऊन उरणच्या बाजारात बसली. शेजारी मावशींची जागा.

"मी बाजारात, सगल्यांच्या म्होरं बोल्ले तिला. डोल्यात टिपूस नाय, नवरा होता का भाडेकरू? दगड हाय, असा बोल्ले. मंग मीच उठले तितून. बोल्ले, हिच्या बाजूला बसनार नाय. आनि तवापासनं पनवेलला येते."

मी खाली बघत होतो. ही आतून येऊन दारात उभी राहिली होती.

सासू यमुनेकडे राहायची. तिचा हट्ट होता, लेक परत येणार. या घरात कुणी रडायचं नाही. रडलं म्हणजे तो गेला असं आपणच कबूल केलं. यमुनेने सासूला शब्द दिला. बारा वर्षं रोज संध्याकाळी म्हातारी विचारायची, होडी लागली का गं? आणि यमुना सांगायची, आज वारा उलटा हाय, आय, उद्या लागंल. मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. बोलणंच बंद होतं ना. म्हातारी गेली, आणि त्याच हिवाळ्यात शूटिंगवाले आले. साहेबाने बायकांना सांगितलं, पाण्याकडे बघा, होडी आलेली नाही असं समजा.

"सीडीत पैल्यांदा बगला तवा मना कलला. डोले ताजे होते रे. बारा वर्सं ठेवलेले आनि ताजे. मी त्याच दिवशी तिच्या दारात गेले, बोल्ले, काय गो हा? तवा तिनं सांगितला सगला. मी ऐकला आनि उठून आले. चूक झाली, एवढा काय माज्या तोंडातून आला नाय."

त्यांनी पदर खोचला. मग नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात म्हणाल्या, "सिनेमात रडली ती खरी. घरात नाय रडली ती ॲक्टिंग. त्याला तुमच्यात बक्षीस नाय ना? म्हून बोल्ले, माईकवर तुमी बोला. मना तोंडानं बोलवत नाय. टाल्या तरी वाजवीन."

मला माझी लाज वाटली. नाट्यशास्त्र, नियम, पाच चष्मे, सगळ्याची लाज वाटली. मी माळ्यावर चढलो आणि एक समई काढली. आमच्या हिने ती चिंचेने घासली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती एखादी समई स्वतःहून घासत होती. मानपत्र मी स्वतः लिहिलं. 'श्रीमती यमुनाबाई यांस, उत्कृष्ट अभिनयासाठी.'

"कशातल्या ते लिऊ नको," मावशींनी बजावलं. "तिला कललं तर कललं."

पुढच्या रविवारी मी उरणच्या मासळीबाजारात गेलो. मंडळाला विचारलं नाही. माईक नव्हता. पायाखाली पाणी, भोवती भाव करणारी गिऱ्हाइकं, आणि मी कडक इस्त्रीचा सदरा घालून समई घेऊन उभा. यमुनाबाई बोंबील लावत होत्या. त्यांच्या शेजारची एक जागा मोकळी होती. मासळीबाजारात मोकळी जागा राहत नाही, हे मला तिथे गेल्यावर उमगलं. ती कुणीतरी इतकी वर्षं राखली होती. मी घसा खाकरून नाव पुकारलं. आवाज बारीक निघाला. दोन-तीन बायकांनी मान वर केली आणि परत मासळीत घातली.

"कसला बक्षीस?" यमुनाबाईंनी विचारलं.

"अभिनयाचं."

"त्या सिनेमातल्या? त्यात मी कुटं ॲक्टिंग केली?"

"त्यातल्या नाय गो," माझ्या मागून आवाज आला.

मथुरामावशी खांबाआड उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. एकट्याच. ओल्या हातांच्या टाळ्या, त्यांचा आवाजही धड येत नव्हता. बाजार बघत होता. मावशी थांबेनात. यमुनाबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बराच वेळ बघितलं. मी सवयीने मावशींचं नाक बघितलं आणि लगेच मान वळवली.

"बस आता," यमुनाबाई म्हणाल्या. "लोक हसतील." आणि मोकळ्या जागेवरचा पाट हाताने पुसून पुढे सरकवला.

मंडळातून माझं नाव कमी झालं. समई नियमबाह्य दिली म्हणून अध्यक्षांनी तसं पत्र पाठवलं. ते मी एकदा वाचलं आणि त्यात उरलेल्या पाच समयांपैकी एक गुंडाळली.

मथुरामावशी त्यानंतर पनवेलला आल्या नाहीत. रविवारी दारात कुणी पाटी उतरवत नाही, टीव्हीसमोर कुणी खेकसत नाही. ही दर आठवड्याला मला ऐकवते, एवढ्या मोठ्या रसिकाला ती समई माळ्यावरच ठेवता नाही आली, चांगली कोळीण घालवलीत. खरं आहे. आता आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातलं आणतो. चार दिवस बर्फातलं असतं. डोळे बघूनच कळतं.